'काहीच बदललं नाही' याच्या पुढे कसं जायचं? जुनी राजकीय व्यंगचित्रं आणि इतिहासाची तासिका

प्रश्न विचारणाऱ्या मॅडम नववीला आणि अकरावीला शिकवतात. त्यांची अडचण थोडक्यात अशी: जुनं राजकीय व्यंगचित्र दाखवून 'आजच्या परिस्थितीशी तुलना करा' म्हटलं की बरीच मुलं 'तेव्हाही असंच होतं, आजही तसंच आहे' एवढं लिहून मोकळी होतात. उरलेली आजच्या पुढाऱ्यांच्या नावानं भांडायला लागतात. आणि जे लिहून येतं त्याला गुण कसे द्यायचे, हाही पेच आहे.

मॅडम, यात मुलांपेक्षा प्रश्नाचा दोष जास्त आहे. 'तुलना करा' म्हटलं की मूल साम्य शोधायला धावतं, आणि व्यंगचित्र साम्य अगदी फुकटात पुरवतं. व्यंगचित्रकाराकडे वाचकाचे चार-पाच सेकंद असतात. तेवढ्यात अर्थ पोचवायचा म्हणजे त्याला ठरावीक खुणा वापराव्याच लागतात: ढेरपोट्या मंत्री, हडकुळा शेतकरी, चाबूक, खुर्ची, सिंह, गाढव. या खुणा पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. त्यामुळे शंभर वर्षांच्या अंतरानं काढलेली दोन चित्रं शेजारी ठेवली तरी ती सख्खी भावंडं वाटतात. मुलं जे साम्य टिपतात ते चित्रभाषेचं असतं. परिस्थिती सारखी होती का, हे चित्रावरून कळत नाही. ते चित्राच्या बाहेर जाऊन शोधावं लागतं, आणि इतिहासाचा तास त्यासाठीच आहे.

म्हणून मी वहीत तीन रकाने आखून घेतो. 'सारखं', 'वेगळं' आणि 'सारखं दिसतं, पण नाही'. पहिले दोन रकाने कोणीही भरतं. माझा सगळा जीव तिसऱ्यावर. त्या रकान्यासाठी एकच अट: तिथे लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला चित्राबाहेरचा एक पुरावा हवा. एखादा कायदा, तारीख, भाषणातलं वाक्य, बातमी, आकडा, घरातल्या आजीची आठवण, काहीही चालेल, पण नुसतं 'मला वाटतं' चालणार नाही.

तुलनेआधी मात्र जुनं चित्र जुन्याच काळात वाचता आलं पाहिजे. ही सवय लावायला मी मुद्दाम असं चित्र घेतो, ज्यात आजचा कुठलाच पुढारी डोकावणार नाही. लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात १५ एप्रिल १८७६ ला जॉन टेनिअलनं काढलेलं चित्र आहे. पंतप्रधान डिझरायली पौर्वात्य फेरीवाल्याच्या वेशात राणी व्हिक्टोरियासमोर उभा आहे. हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचा नवा मुकुट पुढे करून तो बदल्यात तिचा जुना मुकुट मागतो आहे. मथळ्याचा अर्थ साधारण असा: 'जुने मुकुट द्या, नवे घ्या'.

मथळा झाकून हे चित्र दाखवा. इंग्रजांनी भारत लुटला त्यावर ही टीका आहे, असं वर्ग जवळजवळ एका सुरात सांगेल. मग मथळा उघडा आणि अल्लाउद्दीनची गोष्ट कोणाला येते ते विचारा. जादूगार 'जुने दिवे द्या, नवे घ्या' ओरडत रस्त्यानं येतो आणि भोळी राजकन्या जादूचा दिवा त्याच्या हवाली करते. लंडनच्या वाचकाला ही गोष्ट तोंडपाठ होती. म्हणजे चित्राचा रोख वेगळाच निघतो. नवा मुकुट दिखाऊ, खरी किंमत जुन्याची, आणि राणी फसवली जाते आहे. 'सम्राज्ञी' ही उपाधी इंग्लंडच्या राजेपणाला शोभत नाही, अशी कुरकुर तेव्हा लंडनमध्ये चालली होती, तीच इथे उमटली आहे. हिंदुस्थानातल्या माणसाचं सुखदुःख या चित्रात कुठेच नाही.

यावर वर्ग थोडा हिरमुसतो. तेव्हा पुढचा प्रश्न टाकायचा: हेच चित्र पुण्यात 'सार्वजनिक सभा' या संघटनेच्या सभासदाच्या हाती पडलं असतं तर त्यानं काय वाचलं असतं? १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लॉर्ड लिटननं ती उपाधी जाहीर केली, तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळ पडला होता. त्याच दरबाराला गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातानं कातलेल्या सुताच्या खादीत गेले होते. उपाधी एकच, पण लंडनचा वाचक मुकुटाच्या प्रतिष्ठेची चिंता करत होता आणि पुण्याचा माणूस अंगावरच्या कपड्यानं काही वेगळंच सांगत होता. हे एकदा ध्यानात आलं की मुलं कुठलंही चित्र हाती आल्यावर 'हे कोणासाठी काढलं?' असं आपणहून विचारतात. यात एक अख्खी तासिका जाते. जाऊ द्या, पुढच्या सगळ्या तासिका त्यावर चालतात.

आता खरी तुलना. नववीच्या अभ्यासक्रमात आणीबाणी येतेच, म्हणून माझी पहिली निवड अबू अब्राहम यांचं 'इंडियन एक्सप्रेस'मधलं १० डिसेंबर १९७५ चं चित्र. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद न्हाणीघरात टबमध्ये बसले आहेत. दार अर्धवट उघडं. बाहेरच्या माणसाच्या हाती सही केलेला कागद देताना ते म्हणतात, आणखी अध्यादेश असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा. (अध्यादेश म्हणजे संसदेचं अधिवेशन चालू नसताना सरकारनं काढलेला तात्पुरता कायदा.)

तारीख झाकून विचारलं तर मुलं सांगतात, २५ जूनच्या रात्री आणीबाणीच्या कागदावर सही झाली तोच हा प्रसंग. मोठी माणसंही सर्रास तसंच सांगतात. मग तारीख दाखवायची. चित्र जूनचं नाही, त्यानंतर साडेपाच महिन्यांनी आलं आहे. दोनच दिवस आधी, ८ डिसेंबरला, 'आक्षेपार्ह मजकूर' छापण्याला प्रतिबंध करणारा अध्यादेश निघाला होता. संसदेतल्या कामकाजाची वृत्तं छापणाऱ्यांना संरक्षण देणारा १९५६ चा कायदाही त्याच सुमारास रद्द झाला. म्हणजे चित्राचा विषय एका रात्रीची सही हा नसून एकामागून एक येणारे कागद हा आहे. तारखेनं चित्राचा अर्थ केवढा सरकतो, हे दाखवायला याहून सोपं उदाहरण मला मिळालेलं नाही.

यानंतर माझा आवडता प्रश्न: चित्रात कोण नाही? थोडा वेळ शांतता असते आणि मग कुणीतरी म्हणतं, 'पंतप्रधान'. ज्यांच्या सांगण्यावरून हे सगळं चाललं होतं ती व्यक्ती चौकटीत नाही. ज्यांना थांबायला सांगितलं ते 'ते' म्हणजे कोण, हे चित्रकारानं वाचकावर सोडलं आहे. सेन्सॉरच्या काळात न काढलेल्या गोष्टींनाही अर्थ असतो, हे मुलांना इथे लगेच पटतं. आणखी एक तपशील सांगून टाकावा. अबू त्या वेळी राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते (१९७२ ते १९७८). 'व्यंगचित्रकार म्हणजे सत्तेबाहेर उभा असलेला बंडखोर' हे ठोकळेबाज चित्र त्यामुळे थोडं ढिलं होतं. आपल्याकडे तर 'मार्मिक' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक १९६० साली निघालं आणि सहा वर्षांनी त्याच्याच संपादकांनी राजकीय संघटना काढली. तो विषय मात्र वेगळ्या तासाचा आहे, आणि मुंबई-ठाण्याच्या वर्गात जपून हाताळण्याचा.

आता आजच्याकडे. अध्यादेश आजही निघतात का? निघतात. संविधानाच्या अनुच्छेद १२३ खाली, सगळ्याच पक्षांच्या सरकारांनी ते काढले आहेत. पहिला रकाना भरला. तेव्हा वृत्तपत्रांवर छापण्यापूर्वीचं सेन्सॉर होतं, आज तसं नाही. दुसरा भरला. आता तिसरा, आणि इथे मुलांना संविधानाच्या दुरुस्त्या उघडायला लावायच्या. १९७५ च्या अडतिसाव्या दुरुस्तीनं ठरवलं होतं की अध्यादेशाची गरज असल्याबद्दल राष्ट्रपतींचं समाधान झालं की ते अंतिम, कोर्टात त्याला आव्हान नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं ते कलम काढून टाकलं. त्याच दुरुस्तीनं राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार दिला. टबमधल्या त्या माणसाकडे हा लेखी अधिकार नव्हता.

इथेच थांबलात तर मुलं दुसऱ्या टोकाला जातील: 'तेव्हा वाईट होतं, आता सगळं सुधारलं'. ते 'काहीच बदललं नाही'इतकंच आळशी उत्तर आहे. म्हणून लगेच पुण्याची एक गोष्ट सांगायची. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डी. सी. वधवा यांनी बिहार सरकारचे अध्यादेश तपासले. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश विधिमंडळापुढे न नेता पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले होते, काही तर वर्षानुवर्षं. या काळात आणीबाणीपूर्वीची वर्षं येतात, आणीबाणीची येतात आणि नंतरचीही. वधवा सर्वोच्च न्यायालयात गेले, १९८६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. पुढे २०१७ साली सात न्यायाधीशांच्या पीठानं अशा पुनःपुन्हा काढण्याला संविधानाशी केलेली लबाडी ठरवलं. आता तिसऱ्या रकान्यात काय येतं बघा. अकरावीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं ते साधारण असं: 'अध्यादेश तेव्हाही होते, आजही आहेत. पण तेव्हा कोर्टाचं दार बंद केलेलं होतं आणि आज ते उघडं आहे. दार उघडं असलं तरी कोणीतरी जाऊन ठोठवावं लागतं, हे बिहारच्या उदाहरणावरून दिसतं.' याच्याशेजारी 'राष्ट्रपती तेव्हाही रबर स्टॅम्प होते, आजही आहेत' हे वाक्य फळ्यावर लिहा आणि वर्गालाच विचारा, कोणत्या उत्तरातून तुम्हाला नवीन काही कळलं?

'काहीच बदललं नाही' हा भास सर्वात जास्त कुठे होत असेल तर आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांत. १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये त्यांचा कॉमन मॅन रोज येऊ लागला. महागाई, खड्डे, पाणीटंचाई, मंत्र्यांचे दौरे, कार्यालयातल्या फायली. त्यातलं कुठलंही चित्र आज मोबाइलवर फिरलं की खाली 'आजही तंतोतंत लागू' असं लिहिलेलं असतं. खरं सांगायचं तर लक्ष्मणांची ताकदच ती होती. ते बहुतेक वेळा विशिष्ट घटनेऐवजी घटनांचा प्रकार काढत. इतिहासाच्या शिक्षकाला तीच ताकद अडचणीची ठरते. मी अशा वेळी विषय सोडून वस्तूंकडे जातो. 'चित्रातल्या सगळ्या वस्तूंची यादी करा.' सत्तरच्या दशकातलं महागाईचं चित्र असेल तर त्यात काय दिसेल? रांग, पिशवी, रेशनचं दुकान, रॉकेलचा डबा. ती यादी घेऊन मुलांनी घरी जायचं आणि आजीला विचारायचं, 'तुम्ही रांगेत कशासाठी उभ्या राहायचात?'

दुसऱ्या दिवशी येणारी उत्तरं कोणत्याही गाईडात नसतात. साखर मिळायची नाही, डालडा मिळायचा नाही, गॅसच्या जोडणीसाठी नाव नोंदवून वर्षं मोजावी लागायची, फोनसाठीही तेच. आजची तक्रार सिलिंडरच्या भावाची आहे, जोडणी मिळण्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. म्हणजे तेव्हाच्या रागात टंचाई होती, आजच्या रागात किंमत आहे. दोन्हींना आपण 'महागाई'च म्हणतो, म्हणून चित्र जसंच्या तसं लागू पडल्यासारखं वाटतं. जोडीला आकडा द्यावा: १९७४ मध्ये महागाईचा दर २५ टक्क्यांच्या वर गेला होता. आजचा दर मुलांनी स्वतः वर्तमानपत्रातून काढायचा. आणि मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी काढलेले लाटणे मोर्चे सांगायचे. लाटणं हातात घेऊन रस्त्यावर उतरलेल्या त्या बायकांचे फोटो कॉमन मॅनच्या चित्राशेजारी लावले की एखादी मुलगी हमखास विचारते, 'सर, कॉमन मॅन कधीच का बोलत नाही?' दुसरी विचारते, 'आणि कॉमन वुमन कुठे आहे?' या प्रश्नांना तयार उत्तर देऊ नका. धोतर आणि चौकटीचा कोट घातलेला तो गृहस्थ 'सगळ्यांच्या' वतीनं उभा होता की एका विशिष्ट शहरी, मध्यमवर्गीय, वृत्तपत्र वाचणाऱ्या वर्गाच्या, यावर वर्गाला भांडू द्या. हे भांडण पुढाऱ्यांवरून होणाऱ्या भांडणापेक्षा कितीतरी कामाचं.

अकरावीसाठी एक चित्र असं आहे की त्यात भूतकाळ आणि वर्तमान दोन्ही एकाच कागदावर आहेत. जोडीला दुसरं चित्र लागतच नाही. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये आपल्या इंग्रजी साप्ताहिकात काढलेलं: संविधान नावाच्या गोगलगायीवर डॉ. आंबेडकर बसले आहेत, मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू, आणि पाहणारी गर्दी. २००६ साली हे चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात आलं, संविधान तयार व्हायला इतका वेळ का लागला असावा या प्रश्नासह. सहा वर्षं ते पुस्तक वर्गांत चाललं. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. नंतर नेमलेल्या समितीनं बरीच व्यंगचित्रं वगळावीत अशी शिफारस केली. समितीतल्या एका सदस्यानं भिन्न मत नोंदवलं.

महाराष्ट्रातल्या वर्गात हे चित्र घेताना क्रम फार महत्त्वाचा. मी चित्रापासून सुरुवात करत नाही. आधी २५ नोव्हेंबर १९४९ चं डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं भाषण वाचायला देतो, त्यातला उशिराबद्दलचा भाग. सभेनं फार वेळ घेतला ही तक्रार त्या काळी उघडपणे होत होती. एका सदस्यानं 'ड्राफ्टिंग कमिटी'ला, म्हणजे मसुदा समितीला, 'ड्रिफ्टिंग कमिटी' (भरकटणारी समिती) म्हटलं होतं आणि आंबेडकरांनी स्वतः भाषणात त्याचा समाचार घेतला. त्यांनी हिशेब मांडला: मसुद्यावर चर्चेसाठी ११४ दिवस लागले, सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ऑस्ट्रेलियाला संविधान करायला नऊ वर्षं लागली होती. हे वाचून झालं की मग चित्र. आता मुलांच्या हाती आरोपही आहे आणि ज्यांच्यावर आरोप त्यांचं उत्तरही, तेही त्याच वर्षातलं. १९४९ चा इंग्रजी साप्ताहिकाचा वाचक या चित्रात काय पाहत होता, हे त्यांना नेमकं सांगता येतं.

मग २०१२. वाद चाबकावर झाला. तो गोगलगायीवर उगारला आहे की तिच्यावर बसलेल्या माणसावर? मी वर्गाला निकाल देत नाही. मी विचारतो, साठ वर्षांत काय बदललं असेल की तोच चाबूक आता वेगळा दिसू लागला? चित्राची एक रेषाही हललेली नाही. बदलला तो पाहणारा. १९४९ मध्ये ते चित्र मूठभर इंग्रजी वाचणाऱ्यांपुढे होतं. २०१२ मध्ये ते पाठ्यपुस्तकात होतं, आणि ज्यांच्या आज्या-आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नव्हती अशी मुलं ते पुस्तक उघडत होती. त्यांच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि पाठीवर उगारलेला चाबूक ही त्यांच्यासाठी नुसती चित्रातली खूण नाही. हे वाचन चुकीचं आहे असं म्हणणं मला पटत नाही, तसंच ते १९४९ च्या चित्रकाराच्या डोक्यात होतं असं म्हणणंही पटत नाही. दोन्ही वाक्यं एकाच उत्तरात लिहिता येणं ही अकरावीच्या मुलासाठी मोठी झेप आहे. कार्यालय फोडणं याला मात्र मी 'वाचन' म्हणत नाही, आणि तेही वर्गात स्पष्ट सांगतो.

तुमच्या वर्गाचं वातावरण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मुलं एकमेकांच्या आडनावांवरून बोलत असतील तर हे चित्र यंदा घेऊ नका. अबूंचं पुरेसं आहे.

भांडणांबद्दल. माझ्या वर्गात एक नियम आहे: तुलनेच्या उत्तरात हयात पुढाऱ्याचं नाव येणार नाही, पद येईल. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, सभापती, न्यायालय, वृत्तपत्र, मतदार. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, पण व्यक्तीच्या जागी पद लिहायला लागलं की वाक्य आपोआप संस्थेबद्दलचं होतं आणि पक्षाचा ताप उतरतो. आजचं चित्र निवडताना मी एकटं निवडत नाही. एकाच घटनेवरची परस्परविरोधी कल असलेली दोन चित्रं घेतो, दोन वेगळ्या वृत्तपत्रांतली. आपल्या गावच्या नगरसेवकावरचं, आमदारावरचं चित्र कधीच नाही. कोणाचे ना कोणाचे काका निघतातच. धर्मावरची चित्रंही नाहीत. तो विषय टाळावा असं माझं म्हणणं नाही, पस्तीस मिनिटांत तो निभावत नाही एवढंच.

मुलं आजच्या बाजूनं मीम आणतील, त्याला नाही म्हणू नका. उलट तिथे एक छान तुलना हाती लागते. अबूंच्या चित्राखाली सही आहे, वर तारीख आहे, मागे संपादक आहे. गैर काही छापलं तर कोणाला धरायचं हे सरकारलाही ठाऊक होतं आणि वाचकालाही. मीमला यातलं काहीच नसतं. मग त्याची जबाबदारी कोणाची? २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला अटक झाली ती व्यंगचित्र काढल्याबद्दल नव्हे, ईमेलवरून पुढे पाठवल्याबद्दल. त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ (आक्षेपार्ह ऑनलाइन संदेश पाठवणं गुन्हा ठरवणारं) सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केलं. रोज पन्नास गोष्टी पुढे ढकलणाऱ्या मुलांना हा तपशील झोप उडवणारा वाटतो.

चित्रं मिळवताना एक काळजी घ्या. 'पंच'चे जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन केलेले सापडतात, तारखेसकट. भारतीय वृत्तपत्रांसाठी मोठ्या ग्रंथालयातले जुने अंक सर्वात भरवशाचे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं 'लक्ष्मण यांचं १९६२ चं चित्र' वापरू नका. सही खोडलेली, मथळा बदललेला, कधीकधी चित्रकारच भलता. तारीख आणि मूळ अंक सापडत नसेल तर ते चित्र तुलनेला निरुपयोगी, कारण आपली अर्धी रीत तारखेवरच उभी आहे.

शेवटी गुणदान. दहा गुणांची कृती असेल तर मी दोन गुण निरीक्षणाला देतो (चित्रात काय आहे आणि कोण नाही), दोन त्या काळच्या संदर्भाला, दोन 'सारखं' आणि 'वेगळं' या रकान्यांना मिळून, आणि उरलेले चार तिसऱ्या रकान्याला. चारांपैकी दोन मुद्द्याला, दोन पुराव्याला. मुलाचं मत माझ्या मताच्या विरुद्ध असलं तरी पुरावा बरोबर असेल तर पूर्ण गुण. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती तुमचा पक्ष ओळखून उत्तरं लिहितील. या बाबतीत मुलं फार हुशार असतात. हस्ताक्षर, नीटनेटकेपणा याला गुण ठेवू नका, आणि 'स्वतःचं व्यंगचित्र काढा' ही कृती ठेवलीत तर चित्रकलेला गुण नकोत. ज्या मुलाला रेघ ओढता येत नाही त्यानं काठीची माणसं काढून खाली मथळा आणि तारीख लिहिली तरी चालेल. तारीख मात्र पाहिजेच.

नववीला पहिल्या सत्रात 'पंच'ची एक आणि अबूंची दोन अशा तीन तासिका पुरतात. लक्ष्मण दिवाळीच्या सुट्टीच्या स्वाध्यायाला द्या, आज्या तेव्हा सापडतात. अकरावीला गोगलगाय नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घ्या, २६ तारखेच्या संविधान दिनाच्या आगेमागे. त्या आठवड्यात भाषणाच्या प्रती तुम्हाला मागूनही मिळतील.